अश्लील म्हंजे काय जी?

प्रश्न खरं तर मला नव्हताच. नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या ऑफिसात वकीलसाहेबांचा ज्युनिअर समोर बसला होता, त्याला होता. त्यानं फाइलमधला कागद वाचून दाखवला, ‘सदर इसमाने फिर्यादीस उद्देशून अश्लील शिवीगाळ केली.’ मग मान वर करून म्हणाला, ‘ताई, तो नेमकं काय बोलला ते सांगा.’

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘अश्लील म्हंजे काय जी?’

ज्युनिअर गडबडला. ‘म्हणजे घाणेरडं.’

‘घानेरडं तं काई नाई बोलला तो. शिवी बी नाई देल्ली.’

आता गडबडायची पाळी आम्हा दोघांची होती. फिर्याद तिची, अंगठ्याच्या जागी हळूहळू काढलेली सही तिची, आणि त्या सहीच्या वर ज्या शब्दावर सगळी केस उभी होती तो शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. तो पोलीस ठाण्यात कुणीतरी सवयीनं लिहिला असणार. अशा फिर्यादी मी शेकड्यांनी वाचल्यात, बहुतेक सगळ्यांत हेच वाक्य असतं, नुसतं नाव-गाव बदललेलं.

मी भाषांतरं करते. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तिथलं काम इंग्रजीत चालतं. खालची कागदपत्रं मात्र मराठीत, पंचनामे, जबाब, सातबारे, गावच्या तंट्यांचे करारनामे. या दोन मजल्यांच्या मध्ये जो जिना लागतो तो म्हणजे माझ्यासारखी माणसं. पानामागे पैसे. त्या बाईच्या केसमध्ये आरोपीनं फिर्यादच रद्द करा म्हणून अर्ज केला होता आणि त्याच्या वकिलाचं म्हणणं सरळ होतं. अश्लील, अश्लील म्हणता, पण शब्द कुठे आहेत? नुसतं विशेषण लावून गुन्हा होत नाही. ते चुकीचं होतं असंही म्हणवत नाही. म्हणून उत्तरात तिच्या तोंडचे नेमके शब्द हवे होते, आधी मराठीत आणि मग माझ्या हातून इंग्रजीत. पोलिसांच्या कागदाचं भाषांतर मी आदल्या दिवशीच केलं होतं. ‘अश्लील’साठी न थबकता टाइप केलं होतं ‘लूड’.

तो काय बोलला हे तिनं त्याच दिवशी सांगितलं. त्याकडे येते. पण त्या रात्री घरी गेल्यावर मी आधी ‘अश्लील’ उघडला, आणि मग ‘लूड’. इतकी वर्षं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी ठेवत आले होते, दोघांच्या घरी मात्र कधी गेले नव्हते.

‘अश्लील’च्या पोटात ‘श्री’ आहे. जुनं रूप ‘अश्रीर’. ज्याच्याकडे श्री नाही, म्हणजे तेज नाही, कळा नाही, तो अश्रीर. ऋग्वेदात गायींचं एक सूक्त आहे, त्यात गायींना म्हटलंय, तुम्ही कृशाला पुष्ट करता आणि अश्रीराला देखणं करता. म्हणजे दूधदुभतं नसलेला, गालफडं बसलेला माणूस हा आपल्या वाङ्मयातल्या पहिल्या अश्लील माणसांपैकी एक. त्याचा कामवासनेशी काही संबंध नाही. त्याला दोन वेळचं दूध मिळालं की तो बरा दिसणार आहे, एवढंच. ‘र’चा ‘ल’ झाला आणि हळूहळू हा शब्द दिसण्यावरून बोलण्यावर आला.

बोलण्यावर आल्यावर तो शास्त्रकारांच्या हाती लागला. काश्मीरचा वामन, सुमारे 1,200 वर्षांपूर्वीचा, यानं काव्यातल्या दोषांत अश्लीलाचे तीन प्रकार सांगितले. लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगळ सुचवणारं. तिसऱ्यानं मी चकित झाले, मग लक्षात आलं की तो आपल्या घरात अजून नांदतोय. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. दिवा विझवला नाही, शांत केला. माझी आजी दाराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणणाऱ्याला परत आत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावायची. वामनाच्या हिशेबानं ती अश्लीलतेविरुद्धच लढत होती, बिचारीला पत्ता नव्हता.

वामनाची आणखी एक गोष्ट महत्त्वाची. तो म्हणतो, शब्द स्वतः असभ्य असायलाच हवा असं नाही. त्याचा दुसरा अर्थ असभ्य निघत असेल किंवा तो असभ्याची आठवण करून देत असेल, तरीही अश्लील. हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलं. ‘शिवी बी नाई देल्ली’ हे डोक्यात घोळतच होतं.

आता ‘लूड’. याचा इतिहास वाचताना मी दोनदा चष्मा पुसला. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘लॅवेदे’ असा होता आणि त्याचा अर्थ होता, जो पाद्री नाही तो. बस्स. चर्चची दीक्षा न घेतलेला, चार लोकांसारखा प्रापंचिक माणूस. सुतार, शेतकरी, राजासुद्धा. शब्द मुळात कुठून आला यावर विद्वानांचं एकमत नाही, पण अर्थाबद्दल वाद नाही. त्या काळी वाचणं-लिहिणं मुख्यतः चर्चच्या हाती. त्यामुळे जो पाद्री नाही तो लॅटिन न येणारा, तो अडाणी. मध्ययुगात ‘लेरेड अँड लेवेड’ अशी जोडीच रूढ होती, शिकलेले आणि न शिकलेले, म्हणजे सगळेच. आपण ‘लहानथोर’ म्हणतो तसं. चॉसर हा चौदाव्या शतकातला कवी आपल्या कँटरबरीच्या यात्रेकरूंमधल्या एका सज्जन पाद्र्याचं वर्णन करतो. तो पाद्री म्हणायचा, सोन्यालाच गंज चढला तर लोखंडानं काय करावं? ज्याच्यावर विश्वास टाकला तो पाद्रीच नासला तर ‘लेवेड’ माणूस गंजला यात नवल ते काय? इथं लेवेड म्हणजे तुमच्या-आमच्यासारखा साधा माणूस. चॉसरचा पाद्री त्याची बाजू घेतोय!

पुढे घसरण. अडाणी, म्हणून गावंढळ. गावंढळ, म्हणून वाईट चालीचा. 1611 साली किंग जेम्सच्या आज्ञेनं झालेल्या इंग्रजी बायबलात थेस्सलनीकामध्ये दंगल घडवायला काही ‘लूड’ माणसं जमवली जातात. मूळ ग्रीकात या वाईट माणसांना बाजारात रेंगाळणारेही म्हटलंय. वाचताना मला शंकरनगर चौकातला पानठेला दिसला. खर्रा घोटत उभे असलेले पोट्टे, ज्यांना काही काम नाही आणि म्हणून कुठल्याही कामाला उपलब्ध आहेत. तिथेही अर्थ टवाळ, टुकार एवढाच. कामुक हा अर्थ चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून या शब्दाला चिकटत होता, बाकीचे गळत गेले, आणि शेवटी तेवढाच उरला.

इंग्रजीत या गल्लीत गर्दी फार आहे. ‘लॅसिव्हियस’चं लॅटिन मूळ म्हणजे खेळकर, बागडणारा. ‘सलेशियस’ उड्या मारण्यावरून आलाय, आपल्या उडाणटप्पूचा लांबचा भाऊ म्हणायला हरकत नाही. ‘लेचर’ चाटण्यावरून. आपण लाळ गाळणं म्हणतो, जीभ तीच. आणि ‘प्रुरियंट’चं लॅटिन मूळ म्हणजे चक्क खाज सुटणं. हे वाचून मी रात्री साडेअकराला एकटीच हसले, कारण माझ्या मराठीला यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. आपल्या कायद्यातही हे शब्द बसलेत. जुन्या भारतीय दंड संहितेच्या अश्लील पुस्तकांबद्दलच्या कलम 292 मध्ये 1969 च्या दुरुस्तीनं ‘लॅसिव्हियस’ आणि ‘प्रुरियंट’ घातले गेले आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ते कलम 294 म्हणून तसेच आहेत. म्हणजे खाजेची व्याख्या न्यायाधीशांनी करायची. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी खटले झाले, 1934 मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. खटला हरले. लोकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना कर्व्यांनी सरळ उत्तरं दिली होती, हा त्यांचा अपराध.

या गर्दीत ‘लूड’ची जागा थोडी वेगळी आहे. चावट विनोदाला ‘बॉडी’ (bawdy) चालतं, मिटक्या मारत सांगितलेल्या भानगडीला ‘सलेशियस’. ‘लूड’ बहुतेक वेळा कुणीतरी कुणाला तरी उद्देशून केलेल्या गोष्टीला लागतो, शेरा, हातवारा, वर्तन. त्यात समोर एक माणूस असतो ज्याला ते नको असतं. आपल्या ‘चावट’मध्ये लाडही बसतो. ‘चावट कुठला’ असं बायको नवऱ्याला म्हणते ती तक्रार नसते. ‘वाह्यात’ची तर नागपुरात मजाच आहे. मराठी घरात वाह्यात पोरगा म्हणजे हाताबाहेर गेलेला, आणि समोरच्या हिंदी बोलणाऱ्या घरात ‘वाहियात’ म्हणजे नुसतं फालतू, मग ती वाहियात भाजी का असेना.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. लूड म्हणजे ज्याच्याकडे विद्या नाही. अश्लील म्हणजे ज्याच्याकडे श्री नाही. आणि आपल्याकडे या दोघांचा तिसरा भाऊ आहे, ग्राम्य. साहित्यशास्त्रात ग्राम्य हाही दोषच. अर्थ काय, तर गावातला. उलट वात्स्यायनाच्या कामसूत्रात ज्याची दिनचर्या तपशिलानं दिली आहे, विडा, चंदन, वीणा, पाळलेले पोपट आणि संध्याकाळची भेट, तो कोण? ‘नागरक’. नगरातला. म्हणजे तीच गोष्ट शहरातल्या माणसानं चंदन लावून केली की रसिकता आणि शेताच्या बांधावर केली की ग्राम्य. (आमच्या गावाच्या नावात ‘नगर’ नाही, नाग नदीचा नाग आहे, हे मी मुद्दाम नोंदवते.)

आणि हे आम्हाला विदर्भातल्यांना सांगायची काय गरज! ज्या वामनानं अश्लीलाची प्रतवारी केली त्यानंच काव्याच्या रीतींमध्ये वैदर्भी रीतीला सर्वगुणसंपन्न म्हटलंय. एकेकाळी देशभरच्या कवींनी ज्या नाजूकपणाचा कित्ता गिरवला, त्याला आमच्या मुलखाचं नाव होतं. आज पुण्यातली माझी मावसबहीण मी ‘करून राहिले’ म्हटलं की अजून हसते. तिला वाईट वाटू नये म्हणून मीही हसते. चाळीस वर्षं झाली, दोघीही कंटाळलो नाही.

मला इथं रिद्धपूर आठवतं. महानुभावांचं रिद्धपूर, मोर्शीजवळचं. चक्रधरांच्या मागे नागदेवाचार्यांना त्यांच्यातल्या पंडितांनी संस्कृतात काही विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तुमचं अस्मात् कस्मात् मला समजत नाही, मला श्रीचक्रधरांनी मराठीत सांगितलं, त्यातच विचारा. आणि केशिराज संस्कृतात लिहायला निघाले तेव्हा नागदेवांनी अडवलं, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. नागवणं हा शब्द बघा. कुणाला कळणार नाही अशा भाषेत लिहिणं म्हणजे त्याला लुबाडणं. माझ्यासमोर बसलेल्या बाईकडून पोलीस ठाण्यात तिचं वाक्य काढून घेतलं होतं आणि बदल्यात ‘अश्लील’ दिला होता. दुसऱ्या खेपेला ते काम मी केलं होतं, ‘लूड’ टाइप करून. पानाचे पैसे घेऊन.

‘क्लर्क’ हा शब्दही ‘क्लेरिक’चाच, पाद्र्याचा. लिहिता येणारा तो पाद्री, म्हणून पुढे लिहिणारा तो क्लर्क. म्हणजे हजार वर्षांपूर्वीची ती जोडी अजून टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली होती. एक बोलणारी, एक लिहिणारा. मी लिहिणाऱ्याच्या बाजूला.

तर ती काय म्हणाली.

काटोलकडचं गाव. बगीचा दुसऱ्याचा, ही रोजानं जाणारी. त्या दिवशी तिला एकटीला सल काढायला लावलं होतं, सल म्हणजे झाडातल्या वाळलेल्या काड्या. बगीच्याचा ठेका घेणारा माणूस आला, झाडाखाली उभा राहिला, आणि शिडीवरच्या तिच्याकडे बघत म्हणाला, ‘संत्रा पिकला वाटते. तोडाले कवा येऊ?’

एवढंच. तिनं उतरायला सुरुवात केली तेव्हा त्यानं शिडी धरली आणि तेच पुन्हा म्हटलं.

ज्युनिअर लिहिता लिहिता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की हे इंग्रजीत गेलं तर न्यायमूर्तींना शेतीचा संवाद वाटेल. ठेकेदार संत्र्याच्या ठेक्याबद्दल बोलतोय, आणखी काय बोलणार? एकेक शब्द पहिलीच्या पुस्तकात छापण्यासारखा.

‘पण ताई,’ तो हळूच म्हणाला, ‘तो फळाबद्दलच बोलत असेल तर?’

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्याची दया आली.

‘कोनतं फळ? जानेवारी होता. आमच्या बगीच्यात अंबियाच धरतात. डिसेंबरात तोड झाली, गाड्या भरून गेल्या. बगीचा तानावर होता.’

ज्युनिअर शहरातला. ताण म्हणजे काय ते मीच त्याला सांगितलं, माहेर कळमेश्वरकडचं म्हणून मला ठाऊक. अंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडतात. झाडं मलूल होतात, पानं थोडी गळतात, मग पाणी दिलं की जोरात फूल येतं. त्या दिवसांत झाडावर पिकलेलं फळ सोडा, हिरवी गोळीसुद्धा नसते. त्या अख्ख्या बगीच्यात तो ज्याला पिकलेला संत्रा म्हणत होता तो झाडावर नव्हताच, आणि हे तिला कळत होतं, त्याला कळत होतं, शिडी धरणाऱ्या हाताला कळत होतं.

वामनाची तीच ओळ. दुसरा अर्थ असभ्य निघत असेल तर. वामनाला ती कळायला सूत्रं लिहावी लागली. हिला चौथी शिकून कळत होती, आणि वर कोणत्या महिन्यात पहिला अर्थ लागूच होत नाही हेही ती सांगत होती.

त्या रात्रीच्या वाचनानंतर मी आधीचं भाषांतर बाजूला ठेवलं आणि तिच्या जबाबाला बसले. पहिल्या मसुद्यात वाक्य शब्दशः ठेवलं. कोरडं वाटलं. दुसऱ्यात ‘लूड’ जोडून पाहिला, ‘असा लूड शेरा मारला’. तो बसत होता, अगदी नीट बसत होता, आणि नेमकं तेच खुपत होतं. तिसऱ्यात शब्द जसेच्या तसे ठेवले आणि खाली भाषांतरकाराची टीप म्हणून दोन ओळी लिहिल्या. अंबिया बहाराची तोड डिसेंबरपर्यंत होते. घटनेच्या तारखेला बगीचा ताणावर होता. झाडांवर फळ नव्हतं. अशी टीप देणं माझ्या कामात बसत नाही. भाषांतरकारानं हवामान सांगायचं नसतं.

वकीलसाहेबांनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘टीप नको. हे तिच्याच तोंडी घालू, तिच्या शपथपत्रात.’ अर्थातच. ते तिच्याच तोंडचं होतं. शेऱ्याच्या वाक्यात मात्र त्यांनी पेनानं ‘लूड’ घातला. न्यायालयाला तो शब्द ओळखीचा आहे, म्हणाले. मी वाद घातला नाही.

सहीच्या दिवशी तिला सगळं मराठीत वाचून दाखवायचं होतं. नियमच आहे तसा, आणि वाचून दाखवणारी मी. वाचता वाचता मध्ये तिनं विचारलं, ‘त्या अश्लीलचं इंग्रजीत काय लिवलं?’

‘लूड.’

‘लुडबुड?’

ज्युनिअर हसला, मग मी, मग तीही पदर तोंडाला लावून. ‘हव,’ ती म्हणाली, ‘तेच करून राहिला होता तो.’ पेन हातात घेतलं, पहिलं अक्षर काढलं आणि थांबली.

‘पन ते झाडाचं लिवलं नं, मॅडम? झाडावर एक बी संत्रा नव्हता म्हून?’

मी पान उलटून बोट ठेवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी तिनं ती ओळ शेवटपर्यंत पाहिली, आणि मग उरलेली सही पूर्ण केली.